स्वस्तातला व्हिडिओ

माणसाच्या हातून चुका होतात त्या घाईत, रागात, नाहीतर झोपेत. मी माझी सगळ्यात मोठी चूक रीतसर अभ्यास करून केली. एसटीनं हिंडून, उन्हात उभं राहून, चार ठिकाणी विचारपूस करून, पूर्ण शुद्धीत केली. म्हणूनच ती अजून डोक्यातून जात नाही. चहा येतोय तोवर सांगतो. तुम्ही हसा, माझी हरकत नाही. मी तेव्हा हसलो नव्हतो.

नव्वद सालाच्या पुढची मधली वर्षं. इंदापुरात एसटी स्टँडच्या अलीकडं माझं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं. दुकान होतं म्हणजे फळी होती, काउंटर होता, गिऱ्हाईक नव्हतं. बारामतीला एमआयडीसी झाली, तिकडं मोठ्या काचांची दुकानं उघडली, आणि आमच्या इंदापूरचा माणूससुद्धा टीव्ही घ्यायचा तर बारामतीला जाऊन घ्यायला लागला. बिघडला की मात्र माझ्याकडं आणायचा. दुसऱ्यांनी विकलेले टीव्ही उघडून मी दिवसभर त्यांच्या पोटात बघत बसायचो. माझी बायको शालन दुपारी डबा घेऊन यायची, रिकाम्या खुर्च्यांकडं एकदा बघायची आणि काही न बोलता परत जायची. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

अशात एक दिवस पुण्याचे पटवर्धनसाहेब आले. हे घाऊक व्यापारी. टीव्हीचं सुटं सामान मी त्यांच्याकडूनच घ्यायचो. त्यांनी पिशवीतून एक लहानसं खोकं काढलं. आत करड्या रंगाचं, पोळपाटाएवढं एक यंत्र, त्याला वायरीनं लोंबणारा एक रिमोट. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. यंत्र जुनंच. बाहेरच्या देशात त्याची हौस फिटली होती, मोठ्या शहरांत त्याहून भारी यंत्रं आली होती. मग त्याच जुन्या यंत्राचं आकारानं लहान, दोनाच्या जागी एकच रिमोट असलेलं, हे नको ते नको करत कमी केलेलं स्वस्त रूप काढलं होतं. शहरात ते कोण घेणार? पण तालुक्याच्या गावात, खेड्यात चालेल का, हा प्रश्न होता.

"जगताप, तुम्ही इथले," ते म्हणाले. "जरा हिंडा, लोकांशी बोला आणि मला सांगा. बाजार आहे असं म्हणालात, तर बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांची एजन्सी तुमची."

दोन तालुके. त्या रात्री जेवताना मी शालनला सांगितलं, तर ती प्रथमच दुकानाविषयी बोलली. म्हणाली, "नीट विचारा लोकांना." माझ्या मते मी ते अगदी नीट केलं.

पहिल्यांदा गेलो वालचंदनगरला. माझा हिशोब सरळ होता. कारखान्याच्या वसाहतीत शिकलेली माणसं, बांधलेले पगार, घरात रंगीत टीव्ही आणि शाळेत जाणारी पोरं. क्वार्टर्सच्या रांगेत एकेक दार वाजवत सुटलो. गंमत अशी, की "व्हिडिओ" म्हणेपर्यंत दार उघडं असायचं आणि "गेम" म्हटलं की मिटायला लागायचं. एका बाईंनी मुलगा दहावीला आहे म्हणून सांगितलं. दुसरीनं, पोरं टीव्हीमुळं आधीच वाया गेली आहेत, असं सांगितलं. तिसऱ्या घरात एका इंजिनियर साहेबांनी मात्र आत बसवलं, चहा दिला, यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि हे फार जुनं आहे, आमच्या मेव्हण्यानं मुंबईहून यापेक्षा चांगलं आणलंय, असं म्हणाले. मी उठलो तेव्हा फाटकापर्यंत आले आणि अगदी मनापासून सांगितलं, की तुम्ही हे खेड्यात विका.

दुसऱ्या फेरीला बारामती. तिथं माझा जुना मित्र इक्बालभाई. त्याचं घड्याळांचं आणि गाण्याच्या कॅसेटचं दुकान, आणि जोडीला लग्नकार्याला व्हीसीआर आणि टीव्ही भाड्यानं द्यायचा धंदा. माणूस अनुभवी. त्यानं खोकं बघितलं न बघितलं आणि मान हलवली. म्हणाला, स्टँडजवळ नाणं टाकून खेळायचं एक दुकान निघालंय, एमआयडीसीतली पोरं ड्यूटी सुटली की मोटारसायकली लावून तिथंच पडलेली असतात, त्यामुळं गावात गेम म्हटलं की लोकांना जुगारच आठवतो. घरात कोण घेणार?

मी परतीच्या एसटीत खिडकीला बसलो आणि विचार केला. वालचंदनगरला दार कुठल्या शब्दाला मिटलं? गेम. बारामतीत अडलं कुठं? गेम. म्हणजे यंत्रात खोट नाही, शब्दात आहे. तो शब्दच काढून टाकला तर?

इथं मी स्वतःवर फार खूश झालो, हे तुम्हाला सांगायला पाहिजे. एवढं साधं मोठमोठ्या कंपन्यांना सुचत नाही आणि इंदापूरच्या एका रेडिओवाल्याला सुचतं, याचा मला अभिमान वाटला.

तिसरी फेरी मोरगावची. बाजारचा दिवस होता. गणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका हॉटेलच्या बाकड्यावर मी यंत्र मांडलं आणि चहा सांगितला. बाजूला शेळ्यांचा बाजार भरलेला. हॉटेलात टीव्ही नव्हता, त्यामुळं चालवून दाखवायचा प्रश्न नव्हता. कुणी विचारलं, की सांगायचो: हा व्हिडिओ. स्वस्तातला. टीव्हीला जोडायचा, ह्या खाचेत कॅसेट घालायची, की झालं.

आता खेळाचा तो जो चौकोनी डबा यंत्रात खुपसायचा असतो, त्याला आम्ही सगळे कॅसेटच म्हणायचो. पटवर्धनसाहेब पण कॅसेटच म्हणायचे. दुसरा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता आणि आजही लवकर आठवत नाही.

लोक बघून पुढं जात होते. एक म्हातारा मात्र थांबला. धोतर, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. किसनतात्या त्यांचं नाव. मोरगावजवळच्याच एका वाडीचे. पूर्वी मेंढरं होती, आता थोडी ज्वारी-बाजरी, आणि पोरगा बारामतीला दुधाच्या कारखान्यात. पोरानं घरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून ठेवला होता. एवढं सगळं सांगून ते माझ्या शेजारी बसले आणि बराच वेळ यंत्राकडं बघत राहिले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ह्यात कॅसेट कंची बी चालती का?"

म्हटलं, "कुठलीही. अमक्याच कंपनीची पाहिजे असं नाही."

"जुनी असली तर?"

"जुनी तर आणखी चांगली चालते, तात्या. यंत्रच जुन्या धाटणीचं आहे."

"आन् माणसं? वळकू येत्यात का नीट?"

मी पडद्यावरच्या त्या बोटाएवढ्या माणसांचा विचार केला. खोटं कशाला बोला? "जरा लहान दिसतात," म्हटलं, "पण ओळखू येतात. पळतात, उड्या मारतात."

"उड्या कशाला," तात्या म्हणाले. "नुसती बसल्याली दिसली तरी बास हाय."

मी मनाशी नोंद केली, की वयस्कर गिऱ्हाइकाला संथ खेळ लागेल. पटवर्धनसाहेबांना सांगायला हवं.

"आन् एकदा बघून झालं म्हंजी? संपलं?"

"संपतंय कशाला? परत पहिल्यापासून लावायचं." आणि मग विक्रीच्या भरात मी ते वाक्य बोललो. "ह्याची खुबी काय आहे सांगू का तात्या, ह्यात माणूस मेला तरी बिघडत नाही. बटण दाबलं, की परत तुमच्यासमोर उभा."

घोंगड्याच्या टोकानं तात्यांनी यंत्रावर बसलेली बाजाराची धूळ पुसली. शेळ्यांचं ओरडणं चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "मेल्यालं माणूस?"

"हो."

"किती बी येळा?"

"म्हणाल तितक्या वेळा."

"मग माझं नाव घ्या," ते म्हणाले. "माल आला की मला पहिलं सांगा."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, शेळ्यांच्या पायांनी उडालेली धूळ.

पुढं जे घडलं त्याला मी आजही चमत्कारच म्हणतो. तात्यांनी वाडीत सांगितलं, वाडीनं पाव्हण्यारावळ्यांत सांगितलं. मी इंदापूरला दुकानात बसलेला आणि लोक एसटी बदलून येऊन विचारतायत, की तो स्वस्तातला व्हिडिओ तुमच्याकडंच मिळणार ना? आमचं बी नाव घ्या. आणि बघावं तो म्हातारा. नाहीतर म्हातारी. एक आजीबाई तर सुनेचा हात धरून आल्या. डोळ्यांना दिसायला कमी, तरी व्हिडिओ पाहिजे.

आता कुणाही शहाण्या माणसाला इथं शंका यायला पाहिजे होती, होय ना? मला सिद्धांत सुचला.

एसटीडी बूथवरून मी पटवर्धनसाहेबांना फोन लावला आणि सगळं समजावलं. साहेब, आपला अंदाज चुकीचा होता. हा पोरांचा मालच नाही. खरा बाजार जिरायती खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा आहे. मेंढरं गेली, पोरं एमआयडीसीत गेली, मागं राहिलेल्या माणसाला दिवस खायला उठतो. त्याला हातात धरायला काहीतरी पाहिजे आहे.

त्यांनी पलीकडून विचारलं, "म्हातारे खेळणार, जगताप?"

"नावं नोंदवलीत साहेब त्यांनी."

नावं नोंदवली म्हटल्यावर व्यापारी माणूस काय बोलणार? त्यांनी माल वाढवून मागवला. फक्त एक अट घातली, की पहिलं यंत्र द्यायला ते स्वतः येणार. त्यांना म्हातारा खेळताना डोळ्यांनी बघायचा होता.

शालनला मी हा सिद्धांत सांगितला. तिनं विचारलं, की त्यांना ते कशाला पाहिजे, हे तुम्ही त्यांना विचारलंत का? मी तिला म्हटलं, गिऱ्हाईक घेतंय तर कशाला घेतोस असं विचारणारा दुकानदार तू कुठं बघितलास? बरोबरच होतं माझं. दुकानदार विचारत नाही. पण मी अभ्यासाला निघालो होतो, हे मी विसरलो.

माल आला. खोक्यांची थप्पी दुकानात छताला लागली. तात्यांना निरोप धाडला आणि ठरल्या दिवशी मी मोरगावच्या फाट्यावर उभा राहिलो. पटवर्धनसाहेब पुण्याहून त्यांच्या गाडीनं आले. दुपारची वेळ. आम्ही वाडीत पोचलो, तर तात्यांच्या अंगणात चपलांचा ढीग.

घर माणसांनी भरलं होतं. तात्यांची लेक सुमन मुद्दाम सासरहून आली होती. पोरानं कारखान्यात रजा टाकली होती. शेजारपाजारच्या बायका, म्हातारी माणसं, सगळी टीव्हीसमोर घोंगड्या अंथरून बसलेली. टीव्हीच्या डोक्यावर झेंडूचा हार, पुढं नारळ, उदबत्ती. मला वाटलं, नव्या ट्रॅक्टरची पूजा करतात तशी यंत्राची करणार. मी पटवर्धनसाहेबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. हळूच माझ्या कानाशी म्हणाले, की जगताप, कमाल आहे तुमची.

मी टीव्हीची अँटेनाची वायर काढली, यंत्राची लावली, बटण फिरवून चित्र जुळवलं. सोबत आलेली खेळाची कॅसेट खाचेत बसवली. पडद्यावर तो बारका माणूस आला. टुणटुण गाणं सुरू झालं. मी रिमोट हातात घेऊन त्याला पळवलं, उडी मारायला लावली. एक गोगलगाय आली, तिला तो धडकला आणि मेला. परत आला, परत पळाला.

घरातले सगळे देवळात बसावं तसे हात जोडून बसलेले. मला वाटलं, भारावून गेलेत. शेवटी कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "ह्यो नाचतोय त्यो नवऱ्याकडला का?"

कुणी हसलं नाही. शेजारीण म्हणाली, आसंल, लग्नाच्या आधीचं आसंल.

मी रिमोट तात्यांच्या पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, "हे पहिलं हाय ते होऊ द्या. मग आपली लावा."

"आपली म्हणजे?"

तात्या उठले. भिंतीतल्या फडताळातून त्यांनी पिवळ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी आणलं. गाठ सोडली. आत व्हीसीआरची लांबडी काळी कॅसेट. वर जाड पांढऱ्या पेनानं लिहिलेलं, सुमनचं लग्न.

ती त्यांनी माझ्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली.

"हिची आई हाय ह्यात," ते म्हणाले. "लग्न झालं आन् दोन म्हैन्यात गेली. तिचा फोटू न्हाई आमच्याकडं. एक बी न्हाई. तिला आवडायचंच न्हाई काढून घ्याला. लगनात शूटिंगवाला आला हुता त्यात काय आसंल तेवढंच. आमी अजून बघितलं न्हाई. कुठं बघायचं? भाड्याचा व्हिडिओ वाडीत कोण आणतंय? तुमी बाजारात म्हणालात, तवा म्हणलं आता बघू."

मी त्या कॅसेटकडं बघितलं. मग यंत्राच्या खाचेकडं. पडद्यावरचा माणूस तोवर कुणी हलवत नाही म्हणून एका जागी उभा राहून पाय आपटत होता.

खेड्यात व्हिडिओ म्हटलं की व्हीसीआरच, आणि मी तात्यांना काय सांगितलं होतं ते एकेक वाक्य आठवायला लागलं. माणसं ओळखू येतात. मेलेला माणूस परत उभा. किती वेळा? म्हणाल तितक्या वेळा. एवढा वेळ पटवर्धनसाहेब दाराशी उभे होते, त्यांना माझ्या आधी कळलं. ते खाली बघायला लागले.

कसंबसं मी सांगितलं. तात्या, हे ते नव्हे. ह्यात ही कॅसेट बसत नाही. हे खेळायचं आहे. तात्यांना पहिल्यांदा समजलं नाही. त्यांना वाटलं, वायर कमी पडली असेल, नाहीतर लाईट कमी असेल. थांबू की, म्हणाले. काय घाई न्हाई. मग सुमननं त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं आणि हळू आवाजात समजावलं. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता शिवी येईल. यायला पाहिजे होती. ते एवढंच म्हणाले, "मग तुमी कॅसेट घालायची म्हणलात त्ये कशाला?"

मी पटवर्धनसाहेबांना म्हटलं, गाडी काढा.

आम्ही बारामतीकडं निघालो. मला इक्बालभाईचा व्हीसीआर आणायचा होता, दुसरं काही सुचत नव्हतं. पटवर्धनसाहेब पुण्याचे, त्यांना परत फिरून घरी जाता आलं असतं. गेले नाहीत. गाडी चालवत राहिले. दोन्ही बाजूंना उघडी रानं. अर्धा रस्ता संपल्यावर त्यांनी विचारलं, "गेम हा शब्द तुम्ही कुणालाच सांगितला नाही?"

"नाही."

"एकालाही?"

"तो शब्द लोकांना आवडत नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी गिअर बदलला आणि गाडी जोरात सोडली.

इक्बालभाईला मी काउंटरवर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं दुकानाचं शटर ओढलं, व्हीसीआर चादरीत गुंडाळला आणि भाड्याचा विषय न काढता स्वतः गाडीत येऊन बसला.

वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. एकही माणूस उठून गेलं नव्हतं. इक्बालभाईनं मुकाट्यानं जोडणी केली. कॅसेट आत गेली, खरखर झाली आणि लग्न सुरू झालं.

त्या शूटिंगवाल्यानं आवाज काढून टाकून वर सनई आणि सिनेमाची गाणी भरली होती. नवरी झाली, नवरा झाला, वरात झाली, पंगती झाल्या. सुमनची आई कुठं दिसेना. दिसायची ती पाठमोरी. कधी परात घेऊन जाताना, कधी कुणाच्या तरी मागं नुसता पदर. शूटिंगवाला जवळ आला की ती तोंड फिरवायची. तात्या पुढं सरकत सरकत टीव्हीपासून हातभर अंतरावर जाऊन बसले होते.

मग लेकीच्या पाठवणीच्या वेळी एकदा तिनं तोंड वळवलं. सरळ आमच्याकडं बघितलं. डोळे रडून सुजलेले. शूटिंगवाल्याला ती काहीतरी म्हणाली, बहुतेक रागावली, हातानं 'जा तिकडं' असं केलं आणि पदर तोंडावर घेतला. काय बोलली ते ऐकू आलं नाही, वर गाणं लावलेलं होतं.

सुमन तोंडात पदर कोंबून रडायला लागली. तात्या म्हणाले, "मागं घ्या."

इक्बालभाईनं मागं घेतलं. तिनं परत तोंड वळवलं, परत रागावली, परत पदर घेतला.

"मागं घ्या."

किती वेळा ते झालं, कुणी मोजलं नाही. चित्र मध्येच थरथरायला लागलं. जास्त फिरवलं की पट्टी खराब होते हे इक्बालभाईला माहीत होतं, मलाही माहीत होतं. कोण बोलणार? शेवटी तात्याच म्हणाले, "बास. दिसली."

त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. बाजरीची भाकरी आणि पिठलं. जाताना मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, की तुमच्यामुळं बघाय मिळाली. ते अगदी मनापासून म्हणाले. शिवी दिली असती तर मी ती घेऊन सुखानं घरी गेलो असतो.

आणि बाहेर अंगणात काय चाललं होतं ठाऊक आहे? अख्खी वाडी इक्बालभाईभोवती जमली होती. ज्याच्या त्याच्या घरी कुणा ना कुणाच्या लग्नाची कॅसेट फडक्यात बांधून ठेवलेली होती, आणि प्रत्येकाला विचारायचं होतं, की आमच्याकडं कधी येता. त्या वर्षी इक्बालभाईनं अजून दोन व्हीसीआर घेतले. जिरायती खेड्यांतल्या वयस्कर गिऱ्हाइकाविषयीचा माझा अभ्यास अगदी अचूक ठरला, फक्त दुसऱ्याच्या धंद्यासाठी.

माझ्या दुकानात पुढचे काही आठवडे रोज एकजण यायचा. काखेत पिशवी, पिशवीत लांबडी काळी कॅसेट. मी समजावून सांगायचो, तो ऐकून घ्यायचा, थप्पीकडं बघायचा आणि बारामतीची एसटी पकडायचा. कुणी भांडलं नाही. पटवर्धनसाहेबांनी टेम्पो पाठवून खोकी परत नेली. दोन तालुक्यांच्या एजन्सीचं नाव परत निघालं नाही. उघडलेला एक नमुना तेवढा राहिला, त्याचं खोकं फाटलं होतं म्हणून. तो मी घरी नेऊन माळ्यावर टाकला. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

नंतर कधीतरी मला ताप भरला म्हणून दुपारीच दुकान बंद करून घरी आलो. दार लोटलेलं होतं. आतून टुणटुण ऐकू आलं. मला वाटलं, तापात कानाला भास होतोय.

आत शालन टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. हातात रिमोट. शेजारी दोन शेजारणी, एकीच्या मांडीवर निवडायला घेतलेले तांदूळ तसेच पडलेले. पडद्यावर तो बारका माणूस असा पळत होता, की मी त्याला तसं पळताना कधी बघितलं नव्हतं. माझ्या हातून त्याला पहिली गोगलगाय ओलांडता येत नव्हती. हिनं त्याला कुठल्या कुठं नेला होता. किल्ले, पाणी, आग. शेजारीण म्हणत होती, आता माझी पाळी, तुमी कालपास्नं सोडला न्हाई.

मी विचारलं, हे कधीपासून?

"दुपारी काय करायचं असतं?" शालन पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुमी दुकानात. दिवस जात न्हाई. ह्या दोघी पण म्हणत्यात, आमाला एकेक घ्या म्हणून. आळीत आणखी पाच-सहा जणी हायेत. तुमाकडं हायेत का अजून?"

माल परत गेल्याला सहा महिने झाले होते.

मी दाराशीच बसलो. वालचंदनगर, बारामती, मोरगाव, सगळीकडं हिंडून आलो होतो. काय विचारलंत, कुणाला विचारलंत असं ती काही म्हणाली नाही, आणि तिनं न म्हटलेलं मला सगळं ऐकू आलं. शेजारणी उठून गेल्या. शालननं विचारलं, जरा खेळता का, डोक्याला बरं वाटंल. मी रिमोट घेतला. माणसाला पळवलं, पुढं एक खड्डा होता, त्यात तो सरळ चालत गेला. परत आला, परत त्याच खड्ड्यात. तिसऱ्यांदा पण तिथंच.

शालननं माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.

"आवो," ती म्हणाली, "समोरचा खड्डा तुमाला दिसतच न्हाई का?"